प्री आधी की पॉवर? पैसे कुठे घालावेत

"भाऊ, दोन्ही एकदम घेणं जमत नाही ना. आधी प्रीअँप घेऊ की पॉवर अँप?" नागपूरच्या धंतोलीतल्या मित्राने विचारलं. प्रीअँप म्हणजे सोर्स (गाणं जिथून येतं ते यंत्र) निवडून आवाज कमी-जास्त करणारा डबा, पॉवर अँप म्हणजे स्पीकरला ताकद देणारा. त्याच्याकडे जुना इंटिग्रेटेड अँप आहे, म्हणजे दोन्ही एकाच डब्यात, आणि आता वेगळे डबे घ्यायचं मनात आहे. मी उलट विचारलं, गाणं वाजतं कशावरून आणि स्पीकर कोणते?

त्याचं सगळं डॅकवरून चालतं, म्हणजे डिजिटल गाण्याचा अॅनालॉग सिग्नल करणाऱ्या डबीवरून. डॅक काय, सीडी प्लेअर काय, त्यातून साधारण 2 व्होल्ट बाहेर येतात. बरेचसे पॉवर अँप आत आलेला सिग्नल 20 पटींच्या आसपास वाढवतात. 2 चे झाले 40 व्होल्ट, म्हणजे 8 ओहमच्या स्पीकरवर 200 वॉट! मग प्रीअँपने वाढवायचं काय? इथे त्याचं काम आवाज आवरण्याचं आणि सोर्स बदलण्याचं. डॅकलाच व्हॉल्यूम असेल तर प्री वगळूनही भागतं. फक्त पहिल्यांदा आवाज अगदी तळाशी ठेवून सुरू करा, नाहीतर स्पीकर जायचे.

तरी प्रीला अगदीच फालतू समजू नका. त्याची खरखर असेल तीही पुढे 20 पट होऊनच येते. शिवाय स्वस्त व्हॉल्यूमच्या बटणात दोन्ही बाजू सुरुवातीला समान वाढत नाहीत. रात्री घरचे झोपल्यावर बारीक आवाजात ऐका, गाणारी बाई मधून उठून डाव्या स्पीकरजवळ जाऊन बसते.

टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवायचं यंत्र) असेल तर मात्र गणित पार उलटं. कार्ट्रिज म्हणजे सुई बसवलेला भाग. त्याच्या मूव्हिंग मॅग्नेट प्रकारातून 5 मिलिव्होल्टच्या आसपास निघतात, मूव्हिंग कॉइल प्रकारातून बहुतेकदा अर्धा मिलिव्होल्ट किंवा त्याहून कमी. इतकी नाजूक चीज शेकडो पट वाढवायची. त्यात रेकॉर्ड कापताना खर्ज दाबलेला आणि वरचे सूर चढवलेले असतात, ते 1954 पासून रूढ झालेल्या आरआयएए वक्राने (रेकॉर्डसाठी ठरलेल्या मापाने) पुन्हा सरळ करायचे. हे सगळं फोनो स्टेज करतो, मग तो प्रीच्या आत असो की वेगळ्या डबीत. इथे कंजूषी केली तर पुढचा पॉवर अँप कितीही भारी घ्या, भुणभुण मोठी होऊन ऐकू येईल, एवढंच. रेकॉर्ड ऐकणाऱ्याने आधी इथेच खर्च करावा.

आता पॉवर. दुकानात सगळे वॉट मोजतात. 50 चे 100 वॉट केले की वाढतात फक्त 3 डेसिबल. तेवढाच फरक 86 ऐवजी 89 डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा (तेवढ्याच वॉटमध्ये किती मोठा वाजतो त्याचं माप) स्पीकर घेतला तरी पडतो. खरी परीक्षा करंटची. काही स्पीकरवर 8 ओहम छापलेलं असलं तरी काही सुरांवर तो 4 च्याही खाली उतरतो, म्हणजे जास्त करंट ओढतो, आणि तिथे कमजोर अँपचा दम निघतो. तबल्याची गत लावा. डग्ग्याची घुमक गोल, आवरलेली येते की नुसती ढब्ब? मित्राचे स्पीकर याच जातीचे, 4 ओहमचे आणि भुकेले.

नागपूरचं म्हणून एक. मे महिन्यात 45 अंश असताना क्लास ए अँप खोलीत ठेवणं म्हणजे दुसरी शेगडी पेटवणं. क्लास डी प्रकारचा बरा, फारसा तापत नाही. आणि कूलर घरघरत असताना प्रीची बारीक खरखर शोधायला बसू नका, तेव्हा कोणताही प्री शांतच वाटतो. प्री ऐकून घ्यायचा तर दिवाळीनंतर. मी एकदा ऐन उन्हाळ्यात, कूलर सुरू असलेल्या दुकानात ऐकून प्री घेतला होता. पाऊस पडला, कूलर बंद झाला आणि त्याची शिट्टी ऐकू आली.

मित्राच्या इंटिग्रेटेडच्या मागे वाकून पाहिलं तर 'प्री आउट' लिहिलेली खाचांची जोडी निघाली, म्हणजे आतल्या प्रीचा सिग्नल बाहेर काढायची सोय. प्रश्नच मिटला. आत्ता पॉवर अँप घ्यायचा, जुना डबा प्री म्हणून वापरायचा. नवीन प्रीचं पुढे बघू. 'मेन इन' (आतल्या पॉवरला बाहेरचा सिग्नल द्यायची खाच) असतं तर नवीन प्री घेऊन जुना डबा पॉवर म्हणून वापरायचा उलटा प्रयोगही जमला असता, पण त्याच्या स्पीकरकडे पाहता मी तरी पॉवरच घेतला असता.

"आणि टर्नटेबल घेतला तर?" तो म्हणाला. घे ना, पण मग फोनो स्टेजचे पैसे आत्ताच बाजूला काढ.