नवोपक्रम मोजायचा कसा: पुरस्कार, निर्देशक की प्रश्नावली?

गटविकास अधिकारी म्हणून नुकताच रुजू झालेला मित्र विचारत होता, "तालुक्यात नवं काही घडतंय का, हे मोजू कसं?" वाटा तीन आहेत.

पुरस्काराची वाट सगळ्यांच्या ओळखीची. राजीव गांधी प्रशासकीय गतिमानता अभियानासारख्या स्पर्धेला प्रस्ताव पाठवायचा. हुरूप येतो, नाही असं नाही. पण बऱ्याचदा मोजलं जातं ते प्रस्ताव लिहिणाऱ्याचं कसब.

दुसरी निर्देशकांची. मागे राहिलेल्या जिल्ह्यांसाठी केंद्राने 2018 साली सुरू केलेल्या आकांक्षित जिल्हा कार्यक्रमात आपला धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) आहे. 112 जिल्हे, 49 निर्देशक. आरोग्य-पोषण आणि शिक्षणाला प्रत्येकी 30 टक्के भार. 'डेल्टा' क्रमवारीत आधीपेक्षा किती सरकलात तेवढंच बघतात, त्यामुळे मागे राहिलेल्यालाही संधी मिळते. पण आकडा कशामुळे हलला, ते कळत नाही. आपल्याकडे पाऊस बरा झाला की टँकर आपसूक घटतात, आणि श्रेय घ्यायला एखादी योजना तयारच असते.

तिसरी वाट प्रश्नावलीची, डेन्मार्ककडून आलेली. तिथे 2015 मध्ये 'बॅरोमीटर' नावाने सरकारी कार्यालयांतल्या नवोपक्रमांची पहिली पाहणी निघाली. त्याच अनुभवातून 2021 मध्ये अशी पाहणी कशी करायची हे सांगणारं 'कोपनहेगन मॅन्युअल' आलं. कार्यालयप्रमुखाला थेट विचारतात: गेल्या दोन वर्षांत नवं काय केलंत? कुणाचं बघून? उपयोग झाला का, ते तपासलंत? पुढे कुणी उचललं? जगात पहिलं असायची गरज नाही, तुमच्या कार्यालयाला नवं असलं की झालं.

मला ही वाट पटते, ती एका भिंतीमुळे. एका गावात ग्रामसेवकाने मारुतीच्या देवळाच्या भिंतीवर निळीने लिहून ठेवलं होतं, कोणत्या वारी कोणत्या गल्लीत टँकर. पहाटेपासून लागणारी हंड्यांची रांग मोडली. शेजारच्या गावानेही तसंच लिहिलं. याचा ना प्रस्ताव गेला, ना कुठला निर्देशक हलला.

या वाटेत खोट एकच. वरून आलेल्या तक्त्यात 'नवोपक्रम' या रकान्यापुढे 'निरंक' लिहायची आपल्याकडे कुणाची छाती नाही. म्हणून मित्राला म्हटलं, तुला वरिष्ठांना प्रगती दाखवायची असेल तर निर्देशक धर. तालुका समजून घ्यायचा असेल तर प्रश्नावली काढ, पण नाव-गाव न विचारता. आणि पहिलाच प्रश्न ठेव: "शेजारच्या गावाचं काय उचललंत?"