कोबा, डांबरी शीट की पीव्हीसी मेंब्रेन? दुकानं-ऑफिसांच्या इमारतीची गच्ची कशाने झाकायची

जूनच्या पहिल्या मोठ्या सरीला वरच्या मजल्यावरच्या ऑफिसात बादल्या लागल्या, की मालक तीन ठेकेदारांना बोलावतात. एक म्हणतो, जुना कोबा, म्हणजे विटांचे रोडे आणि सिमेंटचा थर, उखडून नवा घालू. दुसरा म्हणतो, त्याच्यावरच डांबरी शीट टाकू. तिसरा पीव्हीसी मेंब्रेनचा, म्हणजे पाणी अडवणाऱ्या प्लास्टिकच्या शीटचा, पांढरा तुकडा हातात देतो आणि दर सांगतो, तो ऐकून पहिले दोघे बरे वाटायला लागतात.

साइटवर देखरेख करणं हे माझं काम. माझं मत आधीच सांगतो. ज्या गच्चीवर एसीची आउटडोअर युनिटं, टाक्या आणि पाइप सोडले तर कुणाचा राबता नाही, तिथे पीव्हीसीचे जास्तीचे पैसे वसूल होतात. मात्र जोड नीट मारले गेले तरच.

वजनापासून सुरुवात करा, कारण हा हिशेब सहसा कुणी मांडत नाही. सरासरी साडेचार इंच जाडीच्या कोब्याचं वजन चौरस फुटाला २० किलोच्या आसपास भरतं. दहा हजार चौरस फुटांच्या गच्चीवर ते २०० टन झाले. तेवढ्याच गच्चीला दीड मिलिमीटर जाडीचं पीव्हीसी साधारण दोन टनांत बसतं. जुन्या इमारतींवर मी कोब्यावर कोबा घातलेला पाहिला आहे. खालच्या बीमला तडे दिसत असतील तर तिसरा थर चढवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवाच.

तरीही कोब्याला मी नावं ठेवणार नाही. त्याच्यावर चालता येतं, मांडव घालता येतो, खालच्या खोलीला थोडा गारवा मिळतो आणि तो घालणारा मिस्त्री तालुक्याच्या गावीही सापडतो. कर्मचारी रोज गच्चीवर डबा खायला जात असतील तर कोबा आणि वर चायना मोझॅक, म्हणजे फुटक्या टाइल्सचे तुकडे, हेच योग्य. त्याची अडचण एकच: तो ताणला जात नाही. उन्हाने स्लॅब फुगतो, रात्री आकसतो, कोब्याला बारीक चिरा जातात. त्यातून शिरलेलं पाणी विटांच्या रोड्यांमध्ये साठून राहतं आणि भलत्याच ठिकाणी टपकतं. मग चीर कुठे आणि गळती कुठे, हे शोधण्यात पावसाळा जातो.

डांबरी शीट, म्हणजे एपीपी मेंब्रेन, तीन-चार मिलिमीटर जाड आणि मीटरभर रुंद असते. प्रायमर मारून गॅसच्या टॉर्चने ती चिकटवतात. वर स्क्रीड (सिमेंट-वाळूचा थर) किंवा फरशी येणार असेल तर ती चांगली, पोडियमला, म्हणजे खालच्या मजल्यांवरच्या वावराच्या गच्चीला, मी तीच सुचवतो. उघडी ठेवायची असेल तर वर खडीचे दाणे किंवा अ‍ॅल्युमिनियमचा पापुद्रा हवाच, नाहीतर उन्हाने ती कडक होऊन तडकते. शिवाय एसीच्या पाइपांचं फोम आणि केबली यांच्या मधोमध टॉर्च पेटवणं मला पटत नाही. खाली रेस्टॉरंट असेल आणि धुराड्यातून तेलाचा ओशटपणा गच्चीवर पडत असेल तर डांबर त्याने मऊ पडतं. पीव्हीसी त्याला पुष्कळ चांगलं तोंड देतं.

आता पीव्हीसी. रोल साधारण दोन मीटर रुंद, वीस मीटर लांब, त्यामुळे जोड कमी. जोड गोंदाने नाही, गरम हवेने वितळवून होतो आणि दोन शीट एकजीव होतात. पांढऱ्या रंगामुळे ऊन परततं. पण पोटात पॉलिएस्टरची जाळी किंवा काचतंतू नसलेलं स्वस्त शीट घेऊ नका. अमेरिकेत जाळीविना घातलेली जुनी पीव्हीसी छपरं थंडीत काचेसारखी तडकू लागली, तेव्हा १९९० मध्ये तिथल्या छप्पर व्यवसायाच्या दोन संघटनांनी मिळून इशारा दिला होता. जाडी १.२ मिलिमीटरचीही मिळते, पण एसीवाले पाना-पेचकस घेऊन वर फिरणार असतील तर १.५ घ्या. आणि जुन्या डांबराला किंवा थर्माकोलला पीव्हीसी थेट टेकवू नका. त्यातला मऊपणा देणारा घटक निघून जातो आणि शीट कडक होतं. मध्ये जिओटेक्स्टाइल, म्हणजे कृत्रिम धाग्यांचं जाड कापड, लागतंच.

बसवताना पहिला प्रश्न ओलीचा. जुन्या कोब्यावर मीटरभर प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी खाली थेंब दिसले तर थांबा. ओल आत कोंडली की चिकटवलेल्या शीटला उन्हात फुगे येतात, आणि काम चोख होऊनही खाली टपकत राहतं. स्क्रूने बसवायचं असेल तर आपल्याकडे विजेचे पाइप स्लॅबच्या पोटातूनच जातात, हे ड्रिल लावण्याआधी ध्यानात घ्या. स्क्रू कडांना आणि कोपऱ्यांत जास्त दाट हवेत, कारण वारा तिथेच सर्वांत जोरात वर ओढतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडात उडालेले पत्रे ज्यांनी पाहिले, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

खरी परीक्षा जोडांची. रोज सकाळी मशिन तापलं की आधी दोन तुकडे जोडायला लावा, थंड होऊ द्या आणि हाताने ओढा. शीट फाटून जाळी दिसली तर काम सुरू. जोड सुटला तर उष्णता किंवा वेग बदला. संध्याकाळी बोथट टोकाचा हुक प्रत्येक जोडाच्या कडेने फिरवा. गेल्या वर्षी एका कामावर सगळे सरळ जोड पक्के निघाले, पण तीन शीट एकत्र येतात त्या ठिकाणी हुक अलगद आत गेला. भोक काडेपेटीच्या काडीएवढं होतं. अशी सहा ठिकाणं सापडली, सगळ्यांवर ठिगळ मारून घेतलं. कठड्यालगत शीट किमान सहा इंच वर चढवून अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीने आवळायचं आणि वर सीलंट भरायचं. पावसाच्या पाइपांची तोंडं तयार पीव्हीसीची घ्या, तिथे जुगाड चालत नाही. शेवटी पाइप बंद करून ७२ तास पाणी कोंडा.

कोटेशनं तुलनेला ठेवताना नुसता चौरस फुटाचा दर बघू नका. कठड्यावर चढणारं शीट मापात धरलंय का, जोडांत जाणारा माल कुणाच्या हिशेबात, जुना कोबा उखडून राडारोडा कोण नेणार, जिओटेक्स्टाइल दरात आहे का, हे लिहून घ्या. गॅरंटी मालाची की कामाचीही, तेही. मालाची वीस वर्षांची गॅरंटी सुटलेल्या जोडाच्या कामी येत नाही.

वर्क ऑर्डर फेब्रुवारीपर्यंत द्या, म्हणजे पाण्याची चाचणी मेच्या मध्यापर्यंत उरकते. एसी दुरुस्तीवाल्यांच्या वाटेवर जाड पीव्हीसीच्या चालपट्ट्या टाकून घ्या आणि युनिटांचे स्टँड आधीच पक्क्या कट्ट्यांवर उभे करा. आमच्या एका इमारतीत काम संपून तीन महिने झाले होते. डिश अँटेना बसवणारा आला आणि नव्या शीटमधून चार बोल्ट ठोकून गेला. तेव्हापासून गच्चीची किल्ली वॉचमनकडे असते आणि वर जाणाऱ्याचं नाव, काम, वेळ वहीत लिहिल्याशिवाय ती मिळत नाही.