सीटमध्ये गॅस भरतो सांगून माझे ११,७०० रुपये घेतले, पिकअपवाल्यांनो सावध राहा

वरूड-मोर्शीकडचे, काटोल-नरखेडकडचे जे कोणी भाऊ पिकअपमध्ये पाठीला-बुडाला हवा लागणाऱ्या कूलिंगवाल्या सीटा बसवून फिरतात त्यांनी हे पूर्ण वाचा, थोडं लांब आहे पण वाचा. माझे ११,७०० रुपये गेले ते गेलेच, पण त्यापायी गाडी पेटली असती आणि आत माझे बाबा झोपलेले असते, ते आठवलं की अजून झोप उडते.

मी संत्रावाला. घरची साडेचारशे झाडं आहेत, बाकी शेजारपाजारचा माल घेऊन जलालखेडा, काटोल करत नागपूरला कळमन्याच्या बाजारात जातो. मृगाचा बहार मार्चपर्यंत निघतो, तो संपला की टरबूज, मग मे महिन्यात बियाण्या-खताच्या फेऱ्या, म्हणजे ऊन जेव्हा डोक्यावर असतं तेव्हाच गाडीत बसणं जास्त. रेक्झिनच्या सीटवर चार तास बसलं की बनियन पाठीला चिकटते ती घरी येऊन आंघोळ केल्यावरच सुटते. २०२२ च्या उन्हाळ्यात मला मांड्यांना आणि कमरेला एवढ्या घामोळ्या झाल्या की त्या पिकल्या, डॉक्टरांनी आठ दिवस गाडीत बसू दिलं नाही, आठ दिवसांचं भाडं बुडालं. म्हणून २०२३ ला नागपूरहून दोन्ही सीटा कूलिंगवाल्या करून घेतल्या, १४,००० लागले. आणि त्याचं काही वाईट वाटलं नाही, तीन उन्हाळे पाठ कोरडी राहिली, बाबा पण बाजूच्या सीटवर बसून कळमन्याला यायला लागले, नाहीतर मे मध्ये ते गाडीचं नाव काढत नव्हते.

यंदा एप्रिलमध्ये माझ्याकडची सीट हळूहळू मंदावली. आधी पाठीची हवा गेली, मग बुडाची कमी-जास्त व्हायची, सीट मागेपुढे सरकवली की कधी चालू कधी बंद, आणि एक दिवस पूर्णच बंद. बाबांकडची मात्र मस्त चालू होती. (हे सीट सरकवल्यावर चालू-बंद होणं लक्षात ठेवा, रोग तिथंच होता आणि मी तो त्या माणसाला स्वतःच्या तोंडानं सांगितला होता.)

तालुक्याच्या गावाबाहेर रोडवर एक जण एसीचं काम करतो, नाव लिहीत नाही. मी गाडी लावली, त्यानं चहा मागवला, सीटखाली हात घालून काहीतरी चाचपलं, मग ते एसीच्या गॅसचा दाब मोजायचं दोन घड्याळांचं गेज आणलं आणि बॉनेट उघडून जोडलं. म्हणे, "भाऊ, सीटचा गॅस गेला. तीन वर्सं झाले ना, उडूनच जाते तो." मी विचारलं सीटला वेगळा गॅस असतो का, तर म्हणे कूलिंग सीट आहे म्हटल्यावर गॅस तर लागणारच, बिनगॅसची थंडी कुठून येईल. बोलणं पटलं. फ्रिजला गॅस, एसीला गॅस, मग सीटलाही असेल असंच कोणालाही वाटेल. ३,५०० घेतले, कागदाच्या चिठोऱ्यावर "सीट गॅस फुल" लिहून दिलं, आणि खरंच सीट चालू झाली, वरून केबिनही जास्त थंड लागू लागली. मी त्याच्या पाया पडायचा बाकी राहिलो होतो.

पाचव्या दिवशी परत बंद. परत गेलो तर म्हणे आता मॉड्यूल जळलं, दिल्लीहून मागवावं लागते, ८,२०० लागतील, अर्धे आधी, गाडी दोन दिवस इथंच राहू द्या. ते ८,२०० मी पेरणीच्या बियाण्यासाठी बाजूला ठेवलेले होते. दिले, फोनवरून दिले, हे एक त्यातल्या त्यात बरं झालं.

दोन दिवसांनी गाडी आणली तर सीटमधून घुर्रर्र आवाज येतो पण हवा काही लागत नाही. फोन केला तर "नवीन मॉड्यूल आहे, सेट व्हायले आठ दिवस लागते." आठ दिवस मी त्या आवाजावर बसून काढले, नवतपा (मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) सुरू झालेला, घामोळ्या परत अंगभर. आणि बसताना डावीकडं खड्डा पडल्यासारखं वाटायचं, ते वेगळंच.

माझा भाचा आयटीआयला आहे, इलेक्ट्रिशियनचा ट्रेड. सुट्टीत आला तेव्हा त्याला सहज सांगितलं की सीटमध्ये गॅस भरला तरी थंड होत नाही. तो माझ्याकडं बघतच राहिला. "मामा, सीटमंधी गॅस नसतेच. भरला तर कुठून भरला, नळी कुठं हाय दाखवा मले." लिंबाखाली गाडी लावून, तोंडात मोबाईलचा टॉर्च धरून तो सीटखाली घुसला आणि अर्ध्या तासात सगळं बाहेर काढून पोत्यावर मांडलं.

मॉड्यूल म्हणून जे बसवलं होतं तो कॉम्प्युटरच्या डब्यातला चौकोनी काळा पंखा होता. बोटभर जाडीचा, स्टिकर खरवडून काढलेला, झिप टाय आणि फेव्हिक्विकनं चिकटवलेला. माझा बुडाखालचा मूळचा पंखा गोल होता, गोगलगाईच्या शंखासारखा, बाजूला हवेचं तोंड असलेला, तो गायब. चौकोनी पंखा बसावा म्हणून त्यानं सीटचा फोम ब्लेडनं कापला होता, तोच तो खड्डा. भाच्यानं समजावलं ते असं की कॉम्प्युटरचा पंखा मोकळ्यात हवा फेकतो, पण पुढं फोम आणि कापड आडवं आलं, वरून ७० किलोचा माणूस बसला की त्याचा जोर संपतो, नुसता आवाज राहतो. शंखासारखा ब्लोअर हवा दाबून ढकलतो म्हणून सीटला तोच लागतो.

मूळ रोग काय होता? सीटखालचा कनेक्टर सैल झाला होता. सीट मागेपुढे सरकवून सरकवून वायर ओढली जायची आणि तो निम्मा बाहेर यायचा. पहिल्या दिवशी त्या माणसानं हात घालून तो दाबला होता, म्हणून सीट चालू झाली. म्हणजे त्याला तेव्हाच कळलं होतं. आणि गेज लावून जो गॅस भरला तो केबिनच्या एसीत थोडासा टाकला, म्हणून मला थंड वाटलं. पाठीच्या पंख्यात तर कापसाची रुई गच्च बसलेली होती, मी हिवाळ्यात जिनिंगला कापूस नेतो त्याची, भाच्यानं चिमट्यानं ओढली तर वातीसारखी लांबच लांब निघाली. रुई काढून पंखा थेट बॅटरीला लावला, लगेच फिरला. कनेक्टर दाबून झिप टायनं बांधला. या एवढ्याला ११,७००.

आता जे सांगतो त्याच्यासाठीच मी हे लिहायला बसलो. भाच्यानं फ्यूज पाहिला. सीटच्या लाईनला १० अँपिअरचा फ्यूज होता, तिथं फ्यूजच नव्हता, तांब्याच्या तारा पिळून दोन्ही टोकांत खोचलेल्या होत्या. वायर कुठं दबली, शॉर्ट झाली तर फ्यूज उडतो आणि गोष्ट तिथंच थांबते. तार खोचलेली असली की ती उडत नाही, वायरच तापत जाते, आणि ही वायर फोमच्या आणि रेक्झिनच्या खालून गेलेली. कळमन्याला रात्री नंबर लागेपर्यंत बाबा त्याच सीटवर आडवे होतात, काच थोडी खाली करून, सीट चालू ठेवून. फ्यूज १५ रुपयांचाही येत नाही राजेहो. पैसे घेतले असते, निकृष्ट पार्ट टाकला असता, तरी मी एवढा बोललो नसतो. पण ते तार खोचणं मी त्याला माफ करणार नाही.

दुसऱ्या दिवशी तो पंखा आणि ती तार घेऊन गेलो. माझा जुना ब्लोअर मागितला तर "भंगारात गेला जी." पैसे मागितले तर आवाज चढवला, म्हणे जा कुठं जायचं तिथं, धंद्याची गाडी हाय, ग्राहक कोर्टात तुमाले कोणी उभं करत नाई. मी गप्प बसून घरी आलो, कारण मला ते खरं वाटलं. ते पूर्ण खरं नाही. १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथं फोन केला, मग अमरावतीला एका वकिलांना विचारलं. २०१९ च्या ग्राहक कायद्यात धंद्यासाठी घेतलेली वस्तू किंवा सेवा वगळलेली आहे हे बरोबर, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवून कमावणारा माणूस त्यातून सुटतो, तो ग्राहकच धरतात. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या कामाला फी लागत नाही आणि घटनेपासून २ वर्षांत तक्रार करायची असते. चिठोरं आणि फोनवरून दिलेल्या ८,२०० ची नोंद, दोन्ही जोडून मी तक्रार टाकली आहे.

सीट बंद पडली तर कोणाकडं जायच्या आधी घरीच पाहण्यासारखं काय आहे ते भाच्यानं मला शिकवलं, तसंच सांगतो. पहिले दोन्ही सीटा चालू करून वर वर्तमानपत्राची पट्टी धरा, काही सीटा हवा वर फेकतात तर पट्टी फडफडते, काही आत ओढतात तर चिकटते, काहीच झालं नाही तर ती सीट बंद. मग फ्यूज. मग गाडी बंद करून सीटखालचा कनेक्टर दाबून पाहा. कंपनीतून एअरबॅगसकट आलेली सीट असेल तर पिवळ्या रंगाच्या कनेक्टरला अजिबात हात लावू नका, तो एअरबॅगचा असतो. मल्टिमीटर असेल तर कनेक्टरवर १२ व्होल्टच्या आसपास येतात का पाहा, येत असतील आणि पंखा फिरत नसेल तर पंखा खराब नाहीतर कचरा अडकलेला, येतच नसतील तर वायर, स्विच नाहीतर अर्थिंग. सगळ्यात सोपं म्हणजे दोन्ही सीटांचे पंखे अदलाबदल करून पाहणं, दोष पंख्याबरोबर गेला तर पंखा, जागेवरच राहिला तर वायर. आणि सीटवर टॉवेल, दुपट्टा, जाड कव्हर टाकलेलं असेल तर आधी ते काढा, छिद्रंच बुजली तर हवा येणार कुठून.

अजून एक. ही पंखेवाली सीट स्वतः थंडी तयार करत नाही, केबिनमधलीच हवा फिरवते. उन्हात उभी केलेली गाडी असेल तर पहिले पाच मिनिटं गरमच लागेल, काचा उघडून एसी लावा, केबिन निवली की सीटही निवते. महागड्या काही गाड्यांत सीटमध्ये विजेनं गार होणारी चकती असते, तिची एक बाजू थंड आणि दुसरी गरम होते, पेल्टियर म्हणतात, १८३४ मध्ये त्या नावाच्या फ्रेंच माणसानं हे शोधलं. त्यातही गॅस नसतो. कोणी सीटला गेज लावायला निघाला तर तिथूनच गाडी वळवा. आणि काम समोर उभं राहून करून घ्या, गाडी सोडून येऊ नका, जुना पार्ट हातात घ्या, आणि पैसे देण्याआधी फ्यूजचं झाकण एकदा उघडून बघा.

सध्या बाबांकडचा ब्लोअर काढून माझ्या सीटला लावला आहे, बाबांनीच लावायला सांगितला, म्हणे गाडी तू चालवतोस. नवा ब्लोअर मागवला आहे, तोपर्यंत ते ओलं धोतर घडी करून पाठीमागं घेतात. त्या रोडवर अजून कोणाकडून "सीट गॅस" म्हणून पैसे घेतले असतील तर चिठोरं फाडू नका, फोटो काढून ठेवा आणि मला कळवा. माझ्या गावातच दोन जण निघाले, दोघांकडं तशीच चिठ्ठी आहे, आणि त्यातल्या एकाच्या गाडीत कालच आम्हाला फ्यूजच्या जागी तार सापडली.