साखर पेठेतलं शुगरचं यंत्र : आठ महिन्यांनंतर

आम्ही राहतो साखर पेठेत आणि अप्पांना शुगर. हा विनोद सोलापुरातल्या प्रत्येक पाहुण्यानं आमच्या दारात किमान दोनदा केलाय, म्हणून आधीच सांगून मोकळा होतो.

अप्पांचं वय 74. उभी हयात चादरीच्या कारखान्यात मागावर गेली. फेब्रुवारीत एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी, 9.8 आलं. गोळ्यांवर भागेना, म्हणून डॉक्टरांनी दोन वेळचं मिक्स इन्सुलिन (जलद आणि सावकाश काम करणारं एकत्र) पेनासारख्या इंजेक्शननं सुरू केलं आणि घरी ग्लुकोमीटर, म्हणजे शुगर मोजायचं यंत्र, घ्यायला सांगितला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढचं बहुतेक सगळं कुठल्याही यंत्राला लागू आहे.

यंत्र रक्ताचा थेंब घ्यायच्या 25 पट्ट्यांसकट हजाराच्या आत आलं. खरा खर्च पट्ट्यांचा. आम्हाला एक पट्टी 18-20 रुपयांना पडते. पहिल्या महिन्यात मी हौसेनं दिवसातून चारदा टोचत होतो. हिशोब केला तर महिन्याला दोन हजारांच्या वर. वर अप्पांची बोटं दुखायला लागली. मी यंत्र घेऊन जवळ गेलो की म्हणायचे, "का बे, परत टोचलालास का?" शेवटी डॉक्टरांनीच वेळा ठरवून दिल्या. ठरलेल्या दिवशी कधी उपाशीपोटी, कधी जेवणानंतर दोन तासांनी, कधी संध्याकाळच्या इंजेक्शनआधी. आणि शंका आली तर केव्हाही. बोटाच्या मध्यावर न टोचता कडेला टोचलं की कमी दुखतं, हेही तिथंच कळलं.

आकडा किती खरा? एका सकाळी लॅबमध्ये रक्त दिलं तेव्हाच यंत्रावरही बघितलं. लॅब 148, यंत्र 161. मी हबकलो होतो, पण घरगुती यंत्रात 15 टक्क्यांपर्यंतचा फरक धरूनच चालायचं असतं. त्यामुळे कालच्या 176 ची आजच्या 189 शी तुलना करून घरात भांडण काढण्यात अर्थ नाही. आम्ही काढलं, तो भाग वेगळा.

आंब्याच्या दिवसांत एकदा 312 दिसलं. घरात धावपळ. आईनं शांतपणे विचारलं, "हात धुतले का त्यांनी?" नव्हते धुतले. साबणानं धुऊन, कोरडे करून पुन्हा बघितलं तर 168. बोटाला रस होता. नुसतं सॅनिटायझर चोळणं पुरत नाही, हात धुवायचेच.

उन्हाळ्याचं मात्र सविस्तर लिहितो, कारण माहितीपत्रक लिहिणारा सोलापुरात मे महिन्यात राहिलेला नसावा. पारा 43 वर. पत्र्याच्या खोलीत खिडकीपाशी ठेवलेलं यंत्र दुपारी आकडाच दाखवेना, नुसतं थर्मामीटरचं चित्र. 40 अंशांच्या वर ते काम करत नाही. आईनं चांगल्या मनानं पट्ट्यांची डबी फ्रिजमध्ये ठेवली. तेही चुकीचं, ओल धरून पट्ट्या खराब होतात. डबी घट्ट बंद करून घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात ठेवायची. आमच्याकडे तो देवघराखालचा कप्पा निघाला.

इन्सुलिनचं उलट. न उघडलेली काडतुसं फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशांत, पण बर्फाच्या कप्प्यापासून लांब. एकदा गोठलं की टाकून द्यायचं. चालू पेन बाहेर चालतं, आमचं चार आठवडे, पण 30 अंशांच्या आत. मेमध्ये 30 अंश आणायचे कुठून? कुंभाराकडून दोन मडकी आणली, मोठ्यात ओली वाळू, वाळूत लहान मडकं आणि त्यात डबीबंद पेन. रोज तांब्याभर पाणी शिंपडायचं. आमच्या नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, तरी या तांब्याबद्दल आईनं कधी कुरकुर केली नाही.

आणि त्याच मेमधली एक रात्र. तीन वाजता लाइट गेलेली. अप्पा घामानं भिजलेले. सोलापुरात मेमध्ये लाइट गेल्यावर घाम कुणाला येत नाही? मी वारा घालत बसलो. पण ते कारखान्यातल्या कुणाला तरी हाक मारत होते आणि हात लटपटत होता. मोबाइलच्या उजेडात तपासलं, 54. शुगर फारच खाली गेलेली. शुद्धीवर होते, गिळता येत होतं, म्हणून तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. 15 मिनिटांनी 81. मग अर्धी भाकरी दुधात कुस्करून दिली. उन्हानं भूक मेली होती, रात्री चार घास खाऊन उठले होते, पण इंजेक्शन ठरल्याप्रमाणे पूर्ण घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी संध्याकाळचा डोस 14 वरून 10 युनिटवर आणला आणि न जेवता इंजेक्शन घ्यायचं नाही असं बजावलं. यंत्र घरात नसतं तर मी पहाटेपर्यंत वाराच घालत बसलो असतो.

पेनाबद्दल. सुई 4 मिलिमीटरची, टोचल्याचं कळतही नाही. आधी दोन युनिट हवेत सोडून बघायचं, मग डोस लावायचा, दाबल्यावर दहा आकडे मोजायचे आणि मगच सुई काढायची. अप्पा पाचावर काढायचे, थेंब कातडीवर राहायचा. दुखत नाही म्हणून रोज एकाच जागी टोचत होते, तिथं पोटावर गाठ आली. अशा गाठीत इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. आता जागा बदलतात. एकदा पेनाच्या सुया संपल्या तेव्हा मी घरात पडलेल्या लाल टोपणाच्या जुन्या सिरिंजनं काडतुसातून औषध ओढायला निघालो होतो. औषधवाल्यानं फोनवरच थांबवलं. ती सिरिंज 40 च्या बाटलीची, म्हणजे एका मिलिलिटरला 40 युनिटवाली, पेनातलं इन्सुलिन 100 चं. सिरिंजवर 10 ची खूण म्हणजे पोटात 25 युनिट. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकून झाकण लावतो, कचऱ्यात सुट्या टाकत नाही.

आता भाकरी. "ज्वारीनं शुगर वाढत नसती," हा अप्पांचा सिद्धांत. कडक भाकरी आणि शेंगाचटणी समोर आली की मोजदाद बंद. ज्वारी गव्हापेक्षा बरी असेल, पण शंभर ग्रॅममध्ये साठ-सत्तर ग्रॅम पिष्ट तिच्यातही असतंच. मी वाद घालायचो, आकडा दाखवून बोलायचो, खरं सांगायचं तर पोलिसासारखा वागायचो. मग ते चोरून खायचे आणि तपासायची वेळ आली की झोपेचं सोंग घ्यायचे. जूनमध्ये मी पुण्याला कामाला आठ दिवस गेलो, तेव्हा यंत्र त्यांच्याच हातात द्यावं लागलं. परत आलो तर त्यांनी चादरींचे पीस लिहायची जुनी वही काढली होती. तीन भाकरी, 262. दुसऱ्या दिवशी दीड भाकरी, मेथी, मटकीची उसळ, 187. मी चार महिने जे सांगत होतो ते त्यांनी दोन ओळींत उतरवलं होतं आणि मला काही बोलायला जागाच ठेवली नव्हती. तेव्हापासून यंत्राला मी हात लावत नाही. दसऱ्याची नोंद अशी आहे: "श्रीखंड दोन चमचे. 214. माहीत होतं."

गेल्या आठवड्यात एचबीएवनसी 7.9 आलं. या वयात 8 च्या आत पुरे, 6.5 च्या मागं लागून रात्री शुगर पाडून घेऊ नका, असं डॉक्टर म्हणाले.

तक्रारी आहेत. पडद्यामागं उजेड नाही, अंधारात आकडा दिसत नाही. पट्टी इतकी बारीक की अप्पांच्या बोटांतून निसटते. दहातली एक वाया जाते, तिचे पैसे कोण देणार? डबी उघडल्यावर तीन महिन्यांत संपवायची असते, म्हणून झाकणावर तारीख लिहून ठेवावी लागते.

इन्सुलिन चालू असेल किंवा शुगर एकदम खाली आणणारी गोळी असेल, तर यंत्र घ्याच. नुसत्या मेटफॉर्मिनच्या गोळीवर शुगर ताब्यात असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. आमच्या शेजारच्या काकूंनी बघून बघून घेतलं आणि ते आता त्यांच्या शोकेसमध्ये बाहुलीशेजारी आहे.