वाऱ्याचा मीटर: मंडपवाल्याच्या हातात चार महिने

काळाचौकीत आमचं मंडप-डेकोरेशनचं काम आहे. समोरच्या चाळीत वाळत घातलेल्या साड्या बघून बाबा वारा सांगायचे. आता त्या चाळीच्या जागी टॉवर आहे. फेब्रुवारीत मी लॅमिंग्टन रोडवरून हातात धरायचा वाऱ्याचा मीटर आणला. किंमत दोन हजार चारशे. टॉर्चएवढं यंत्र, वर छोटा पंखा, खाली आकडे.

घ्यायची वेळ का आली ते सांगतो. गेल्या वर्षी मे महिन्यात शिवडीला एका गच्चीवर हळदीचा मंडप घातला होता. फोनवरच्या अंदाजात वारा ताशी १६ किलोमीटर. त्याच्याच खाली बारीक अक्षरात झोत ४१ लिहिला होता, तो मी वाचलाच नाही. संध्याकाळी एका कोपऱ्याचे तणावे सुटले आणि छताचं कापड बांबूसकट उचललं गेलं. कुणाला लागलं नाही, पण नवरीच्या आजी तिथून चार हातांवर बसल्या होत्या.

१६ हा आकडा काही मिनिटांची सरासरी असतो, झोत मात्र काही सेकंदांचाच. मंडपाला त्या सेकंदांशीच झुंजायचं असतं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. म्हणजे १६ चा वारा ४१ वर गेला, तेव्हा माझ्या कापडावर जवळजवळ साडेसहा पट जोर आला.

मीटरमधली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे 'कमाल'चं बटण. ते दाबून पाच मिनिटं उभं राहिलं की मधला सगळ्यात मोठा झोत पडद्यावर टिकून राहतो. एकक मात्र आधी तपासा. माझा मीटर मीटर प्रति सेकंदावर लावलेला आला होता. ६ दिसला तर वाटतं वारा मंद आहे, पण तो ताशी जवळपास २२ किलोमीटर असतो. मीटर अंगापासून लांब, पंखा थेट वाऱ्याच्या तोंडावर धरायचा. जरा तिरका झाला तर आकडा कमी येतो. पावसात तो चालत नाही, ही मुंबईसाठी मोठी उणीव आहे.

दिशाही तो सांगत नाही, म्हणून मी वर वीतभर सुतळी बांधली आहे. अंदाजात 'पश्चिम' लिहिलं असेल तर वारा पश्चिमेकडून येतो. आमच्या पोरांनी हे उलटं धरून एकदा कनात भलत्याच बाजूला आवळली होती. उन्हाळ्यात इथे सकाळी जमिनीवरचा मतलई वारा असतो आणि दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा सुटतो. संध्याकाळच्या लग्नाला पश्चिमेचे तणावे दुहेरी बांधतो.

मीटर आला म्हणून अंदाज बघणं सोडू नका, फक्त तो कुठला आहे ते लक्षात ठेवा. अंदाजातला वेग साधारण १० मीटर उंचीवरच्या मोकळ्या जागेचा असतो. दोन टॉवरमधल्या आमच्या गल्लीत मी एकाच संध्याकाळी तोंडाशी ३१ आणि आत १४ मोजला आहे. मेमधल्या वादळी ढगांचा वारा तर सकाळच्या अंदाजात नेमका सापडत नाही. त्यासाठी हवामान खात्याचा पुढच्या तीन तासांचा इशारा बघत राहायचा. १३ मे २०२४ ला घाटकोपरचं होर्डिंग पडलं, १७ जीव गेले. त्यानंतर तो इशारा बघितल्याशिवाय मी शिडीवर माणूस चढवत नाही.

झोत ३० वर गेला की बाजूच्या कनाती सोडायच्या, ४० ला लोकांना हलवून छत उतरवायचं, हे आता यजमानांना आगाऊ घेतानाच सांगतो. एकदोघे नाराज झाले, चालेल.

धाकट्या भावासाठी दुसरा मीटर घेतोय, तोच. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी वेगळी घ्यावी लागते, खोक्यात येत नाही.