बिअरच्या परवान्यापायी २ लाख ६० हजार गेले, कारण ठरावावरची तारीख मी वाचलीच नाही

मालवण तालुक्यात, किनाऱ्यापासून थोडं आत, माझं सहा टेबलांचं हॉटेल आहे. बायको स्वयंपाक बघते, मी गल्ला आणि बाजार. पर्यटक येतात, पंखा लावायला सांगतात आणि लगेच विचारतात, "बिअर मिळेल?" नाही म्हटलं की काही जण बसतात, काही जण गाडी वळवतात. सुरमईला मसाला लावून ठेवलेला असताना पाच माणसांची गाडी वळताना बघणं काय असतं, ते धंदेवाल्यालाच कळेल. मग बरा-वाईट कोणीही दारात आला की माणूस त्याचं ऐकतो. मीही ऐकलं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये तो एजंट पहिल्यांदा आला. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, बगलेत फाईल. बांगडा थाळी जेवला, पैसे रोख दिले, सोलकढी दुसऱ्यांदा मागितली. जाताना म्हणाला, "शेठ, परमिट का नाही काढत? जिल्ह्यात माझी सातआठ कामं चालू आहेत." मालवणी बोलत नव्हता, पण अधिकाऱ्यांची नावं तोंडावर होती. आता वाटतं, नावं तर कार्यालयाच्या फलकावरही लिहिलेली असतात.

मी त्याला सांगितलं, मला फक्त बिअर ठेवायची आहे, तीही जेवणाबरोबर. माझी एकच भीती होती, ग्रामसभा. गावात परमिट रूमसाठी ग्रामसभेचा ठराव मागतात, आणि आमच्या गावच्या बायका या विषयात मऊ नाहीत. २५ टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली तर मतदान लागतं, आणि 'आडवी बाटली' जिंकली की चालू दुकानालासुद्धा कुलूप लागतं, हे इथे सगळ्यांना पाठ आहे. तो हसला. "ठरावाचं माझ्यावर सोडा. तुम्ही नमुना आठचा उतारा, घरपट्टीची पावती आणि फोटो द्या."

खरं तर तिथेच त्याला उठवायला हवं होतं. गावातला ठराव बाहेरचा माणूस कसा आणणार? पण जी गोष्ट करायची आपल्याला लाज वाटते, ती दुसरा करतो म्हणाला की बरं वाटतं. सरपंच वयनींसमोर उभं राहून "माका बिअर विकूची हा" म्हणायची माझ्यात हिंमत नव्हती. त्याने बरोबर तीच जागा धरली.

५० हजार टोकन दिले, रोख. मग एक दिवस तो शाळेपासून माझ्या दारापर्यंत चालत आला, पावलं मोजत. "नव्वद मीटर भरतंय, नियम पंच्याहत्तरचा आहे, पास!" शाळा-देवळापासूनचं अंतर सरकारी माणूस टेपने मोजतो, पायवाटेने, या दाराच्या मध्यापासून त्या फाटकाच्या मध्यापर्यंत, हे मला पुढे कळलं. त्या दिवशी मी त्याच्या पावलांवर विश्वास ठेवला, वर चहाही पाजला.

डिसेंबरमध्ये ठरावाची नक्कल आली. साक्षांकित, गोल शिक्का, सूचक आणि अनुमोदक दोघेही गावातलेच, नावं अगदी बरोबर. (मतदार यादी कोणालाही मिळते, हे डोक्यात आलं नाही.) शिक्का मी उजेडात धरून बघितला. 'ग्रामसेवक' असं लिहिलेलं होतं. त्याच वर्षी त्या पदाचं नाव बदलून 'ग्रामपंचायत अधिकारी' झालं होतं, पण जुने शिक्के अजून सगळ्यांच्या खणात पडलेले आहेत, त्यामुळे त्यावरून काही ठरत नाही. बघायची होती तारीख. ती होती २ ऑक्टोबर.

कागद खरा वाटला म्हणून पुढचे पैसे सुटले. 'शासकीय फी' म्हणून १ लाख ८५ हजार, तेही त्याने सांगितलेल्या एका बाईच्या खात्यावर यूपीआयने, दोन दिवसांत तुकडे पाडून. "शेठ, सरकारी साईट सारखी बंद पडते, मी माझ्याकडून भरतो." चार दिवसांनी चलनाची छापील प्रत दिली, वर एमएचने सुरू होणारा लांबलचक जीआरएन, म्हणजे सरकारी भरण्याचा क्रमांक. शिवाय 'वरच्यांसाठी' २५ हजार रोख. हे पंचवीस मी का दिले, ते लिहिताना आताही कान गरम होतात. पण लिहितो, कारण या लोकांचा खरा विमा तोच असतो. आपणच लाच द्यायला निघालेलो असतो, मग तक्रार कोणत्या तोंडाने करणार?

जानेवारीत परवाना आला. लॅमिनेट केलेला! मी तो गल्ल्यामागे गणपतीच्या तसबिरीशेजारी लावणार होतो. बायको म्हणाली, "आधी माल येऊंदे." माल कुठून घ्यायचा म्हणून त्याला फोन केला, तर म्हणतो, "पहिले दहा बॉक्स मी गोव्यावरून टाकतो, स्वस्त पडतील."

बायको मागे उभी राहून ऐकत होती. गोव्याच्या हद्दीजवळच्या इन्सुलीच्या नाक्यावर तिकडची दारू पकडतात हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. परवाना खरा असेल तर माल परवानाधारक घाऊक विक्रेत्याकडून वाहतूक पासावर येतो, चोरून कशाला आणायचा? ती एवढंच बोलली, "गोयचे बाटले ह्या घरात इले तर मी माहेराक जातंय." तिचं माहेर शेजारच्या वाडीत आहे, पण सूर वेगळा होता.

दुसऱ्या दिवशी कागद घेऊन ग्रामपंचायतीत गेलो. अधिकारी बाईंनी नक्कल वाचली, पुन्हा वाचली, आणि माझ्याकडे बघितलं. "दोन ऑक्टोबर? अहो, त्या दिवशी भजी तुमच्याकडूनच आली होती ना?"

माझ्या पायाखालची जमीन तिथे सरकली. त्या ग्रामसभेचा चहा आणि कांदाभजी मीच दिली होती. शंभर माणसं धरून तीन किलो बेसन कालवलं होतं. वाट बघून बघून आले एकतीस जण, गणपूर्ती झाली नाही, सभा तहकूब. उरलेली भजी मी टोपातून घरी आणली, रात्री मुलांनी खाल्ली, सकाळी कोंबड्यांनी. जी सभा झालीच नाही, तिचा ठराव मी महिनाभर कपाटात जपून ठेवला होता. त्या इसमाने आमच्या गावाची चौकशीसुद्धा केली नव्हती. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, या दिवशी ग्रामसभा सगळीकडेच असते, त्यातली एक तारीख उचलून टाकली. आणि दारूच्या परवान्याला निवडली कोणती, तर गांधी जयंती, जेव्हा सगळ्या राज्यात ड्राय डे असतो.

मग उत्पादन शुल्कच्या कार्यालयात गेलो. तिथल्या निरीक्षकांनी लॅमिनेट केलेला कागद दोन बोटांत धरला. "हा एफएल/बीआर-२ आहे. बिअर शॉपीचा. सीलबंद बाटली विकायची आणि गिऱ्हाइकाने घरी न्यायची. टेबलावर द्यायला नमुना ई लागतो, नाहीतर परमिट रूमचा एफएल-३." म्हणजे खोटा परवानासुद्धा चुकीचा! लिपिकाने जीआरएन संगणकावर टाकला. चलन खरं निघालं, पण पाचशे रुपयांचं, मुद्रांक शुल्काचं, कोणा तिसऱ्याच माणसाच्या नावावर. फी आपल्या नावाने, आपल्याच खात्यातून 'ग्रास' या सरकारी साईटवर भरता येते, आणि परवाना जिल्हाधिकारी कार्यालयाच्या मार्फतच होतो, एवढी माहिती तिथे फुकट मिळाली. जिल्ह्याच्या ठिकाणी ओरोसला जायला एसटीचं तिकीट काढावं लागलं असतं, बस्स.

पोलीस ठाण्यात तक्रार दिली आहे. हवालदार म्हणाले, "पूर्वीचं चारशेवीस, आता न्याय संहितेत ३१८ ची चौथी पोटकलम." रोख ७५ हजारांचा पुरावा नाही. यूपीआयचे व्यवहार बँकेच्या उताऱ्यावर आहेत, त्यावरच जे काय उभं आहे ते उभं आहे. पंचवीस हजारांचंही जबाबात खरं सांगितलं. वकिलाने तसंच सुचवलं होतं, लपवलं असतं तर बाकीचंही खोटं दिसलं असतं. त्या एजंटाचा फोन बंद आहे. ज्या बाईच्या खात्यावर पैसे गेले, ती म्हणते की खातं तिच्या भाच्याने वापरलं.

सरपंच वयनींना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. "माका इचारलं असतंस तर मी नाय म्हटलं असतंय," त्या म्हणाल्या, "पण फुकट म्हटलं असतंय."

हे गावात कळल्यावर लोक चेष्टा करतील असं वाटलं होतं. थोडी केलीच. पण गेल्या महिन्यात तारकर्लीच्या बाजूच्या एका हॉटेलवाल्याचा फोन आला. त्याच्याकडेही फाईलवाला माणूस आला होता, शर्ट निळा, बाकी वर्णन तेच. "ठरावाची नक्कल दिल्यान हा, खरी दिसता," तो म्हणाला. "शिक्को पण हा."

"तारीख वाच," मी म्हटलं.

कागद उलगडल्याचा आवाज आला. "एक मे."

"त्या दिवशी तुमच्याकडे सभा झालेली?"

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "इचारून सांगतंय."