पायटेस्ट: आठ महिने वापरल्यानंतर

नऊ वर्षं मी टेस्ट केसेस एक्सेलमध्ये लिहिल्या. स्टेप्स, अपेक्षित निकाल, प्रत्यक्ष निकाल, पास की फेल. गेले आठ महिने त्याच केसेस पायटेस्टमध्ये, म्हणजे कोडमध्ये लिहिलेल्या टेस्ट आपोआप चालवणाऱ्या पायथनच्या टूलमध्ये, लिहितेय. आमचं प्रॉडक्ट पतसंस्थांसाठी आहे, सभासद नोंदणी आणि कर्ज अर्जाचं. फॉर्म मराठीत भरता येतो, बॅकएंड (सर्व्हरवरचा भाग) पायथनचा, स्क्रीन जावास्क्रिप्टची. प्रोग्रामिंग मला जेमतेम येत होतं, तरी पहिल्या महिन्याभरात हात बसला. साधं फंक्शन, नावाची सुरुवात 'टेस्ट'ने आणि आत असर्ट (निकाल नेमका काय हवा ते सांगणारी ओळ), एवढ्यावर काम सुरू होतं.

मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते पॅरामीटराइझ. एकच टेस्ट वेगवेगळ्या डेटावर चालते आणि प्रत्येक डेटाचा निकाल स्वतंत्र दिसतो. आयएफएससी कोड ११ अक्षरांचा असतो आणि पाचव्या जागी शून्य असतं. जुन्या शीटमध्ये यासाठी दोनच ओळी होत्या, 'योग्य कोड' आणि 'चुकीचा कोड'. चुकीचा म्हणजे नेमका कसा, हे त्या दिवशी जो टेस्ट करेल त्याच्यावर. आता यादी समोर आहे: १० अक्षरं, १२ अक्षरं, शून्याच्या जागी इंग्रजी ओ, सगळी अक्षरं स्मॉल, व्हॉट्सॲपवरून कॉपी करताना शेवटी आलेली स्पेस. ही शेवटची केस लिहिताना मी अडले. स्पेस काढून कोड स्वीकारायचा की नाकारायचा? शीटमध्ये 'सिस्टीमने योग्य संदेश दाखवावा' असं लिहून मी वर्षानुवर्षं पुढे सरकले होते. असर्टमध्ये ते चालत नाही, तिथे नेमकं उत्तर लिहावंच लागतं. मी बिझनेस ॲनालिस्टला विचारलं, तर त्यांनाही ठरवायला बसावं लागलं.

वयाच्या अटीचंही तसंच झालं. सज्ञान सभासद म्हणजे १८ पूर्ण. भारतीय सज्ञानता अधिनियम, १८७५ प्रमाणे अठराव्या वाढदिवसाचा दिवस सुरू होतो तेव्हाच माणूस सज्ञान होतो. म्हणून सीमेवरच्या तीन केसेस केल्या: वाढदिवसाच्या आदल्या दिवशी नकार, वाढदिवशी होकार, दुसऱ्या दिवशीही होकार. 'आजची तारीख' टेस्टमध्येच ठरवून दिली, नाहीतर आज पास होणारी टेस्ट पुढच्या महिन्यात विनाकारण फेल होते. मग २९ फेब्रुवारी २००८ ही जन्मतारीख घातली आणि कोड कोसळला. जन्मतारखेचं फक्त वर्ष बदलून २०२६ करायला गेलं, तर ती तारीख कॅलेंडरमध्येच नाही आणि पायथन व्हॅल्यू एरर देतो. १ मार्च धरायचा, असं संस्थेकडून लेखी मागवून घेतलं.

मराठी फॉर्म तपासणाऱ्यांनी पुढचा भाग जरूर वाचावा. मोबाइल नंबरमध्ये देवनागरी आकडे आले तर काय होतं? रेग्युलर एक्सप्रेशनमधली (मजकुराचा साचा तपासणाऱ्या सूत्रातली) अंकाची खूण, बॅकस्लॅश डी, जावास्क्रिप्टमध्ये फक्त इंग्रजी आकडे ओळखते. पायथनमध्ये साध्या स्ट्रिंगवर तीच खूण देवनागरी आकडेही मान्य करते. त्यामुळे स्क्रीन नंबर नाकारायची आणि बॅकएंड आनंदाने घ्यायचा. स्क्रीनवरून तपासताना ही चूक मला कधीच दिसली नव्हती. पण शाखा जुनी सभासद यादी फाइलमधून थेट अपलोड करतात, तिथे स्क्रीन मध्ये येतच नाही. तोच नंबर दोन लिप्यांत आला की डुप्लिकेट तपासणीला ते दोन वेगळे सभासद वाटायचे. ही केस सापडली त्या दिवशी मला खरंच बरं वाटलं, कारण पुढे चुकीच्या खात्यावर कर्ज चढण्याची ती वाट होती.

आडनावांचा शोध हा दुसरा धडा. 'कऱ्हाडे'मधला ऱ एका कोडपॉइंटचा (कॉम्प्युटरसाठी अक्षराला दिलेल्या एका क्रमांकाचा) असू शकतो, किंवा र आणि नुक्ता (अक्षराखालचं टिंब) असे दोन मिळून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, कॉम्प्युटरला वेगळे. युनिकोड नॉर्मलायझेशनने, म्हणजे अशा वेगवेगळ्या रूपांचं एकच ठरलेलं रूप करून, हे दोन एक झाले. काही कीबोर्ड मात्र र, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह) असं लिहितात आणि ते नॉर्मलायझेशनने जुळत नाही.

आता त्रास. पॅरामीटराइझमध्ये मराठी नावं दिली की रिपोर्टमध्ये त्यांच्या जागी बॅकस्लॅश आणि यूचे कोड दिसतात. ते थांबवणाऱ्या सेटिंगचं नावच मुळी 'डिसेबल टेस्ट आयडी एस्केपिंग अँड फॉरफिट ऑल राइट्स टू कम्युनिटी सपोर्ट' असं आहे. आम्ही ते चालू केलं, आमच्याकडे अजून काही बिघडलेलं नाही. फिक्स्चर, म्हणजे टेस्टला लागणारी तयारी करून देणारं फंक्शन, शिकायला वेळ लागतो. कॉन्फटेस्ट या सामाईक फाइलमधला फिक्स्चर इंपोर्ट न करता वापरता येतो, त्यामुळे तो कुठून आला हे नवीन माणसाला कळत नाही. मी डेटाबेसचं फिक्स्चर सेशन स्कोपचं (सगळ्या टेस्टसाठी एकदाच तयार होणारं) केलं आणि एका टेस्टने टाकलेला सभासद दुसऱ्या टेस्टला सापडू लागला. सगळं हिरवं, म्हणजे पास, होतं, कारण क्रम नेहमी तोच होता. टेस्ट उलटसुलट क्रमाने चालवल्यावर घोळ उघड झाला आणि तो निस्तरण्यात दोन दिवस गेले. आता प्रत्येक टेस्टनंतर रोलबॅक होतो, म्हणजे तिने डेटाबेसमध्ये केलेले बदल मागे घेतले जातात. थोडं हळू चालतं, मला चालेल.

फक्त फेल झालेल्या टेस्ट पुन्हा चालवणारा 'लास्ट फेल्ड' पर्याय मी दिवसातून कितीदा वापरते याची गणती नाही.

एक्सेल मी पूर्ण सोडलेलं नाही. पावतीच्या पीडीएफमध्ये जोडाक्षरं तुटतात का, फॉर्म भरताना शाखेतल्या बाई कुठे अडखळतात, हे अजून डोळ्यांनीच बघते आणि शीटमध्ये लिहिते. शिवाय नुसत्या केसेसच्या संख्येवर माझा विश्वास राहिलेला नाही. पॅरामीटराइझमध्ये शंभर सारखेच बरोबर नंबर भरले तर शंभर हिरवे टिंब मिळतात आणि नवीन काहीच कळत नाही.

'कऱ्हाडे'ची जॉइनरवाली केस सध्या स्ट्रिक्ट एक्सफेल (फेल होणंच अपेक्षित, पास झाली तर तीच चूक) करून ठेवलीय. डेव्हलपरने ती दुरुस्त केली की रन लाल होईल आणि ती खूण काढायची आठवण मला आपोआप येईल.